धडधाकट असल्याची सही

आमच्या पिंकनी गावात मैदानावर पोरगं आडवं पडलं की त्याच्या घरच्यांनी जागेवरून उठायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेला मी बघितला नाही. आई असली तरी तिनं बाकड्याची कड धरून बसायचं. हाक मारायची नाही, तोंडावर हात घ्यायचा नाही. पोरगं आपल्या पायांनी उठून बाजूला गेलं की सगळं गाव टाळ्या वाजवतं, आणि मग आईनं श्वास सोडायचा. ज्याला दोघांनी धरून न्यावं लागतं त्यालाही टाळ्या वाजवतात, पण त्या टाळ्यांना मयताच्या जेवणाची चव असते.

माझी धाकटी बहीण लॅट्रेल ती कड धरून बरीच वर्षं बसली. तिचा जेव्हॉरिस मैदानात, ती बाकड्यावर आणि मी समोरच्या वळणावर शेंगांच्या भांड्याशी. मी उकडलेल्या शेंगा विकतो. भुईमूग आमच्याच भागातला, मीठ माझ्या हातचं. लॅट्रेल कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला, हाडं आणि मांस वेगळं करायच्या पट्ट्यावर. तिचा नवरा ट्रकवर होता. एकदा फ्लोरिडाला संत्री भरायला म्हणून गेला आणि तिकडंच पिकला. पोरगं तेव्हा रांगत होतं. त्यामुळं बाप, चुलता, आजा, जे काय म्हणायचं ते जेव्हॉरिसला मी एकटा मामा.

आमचा खेळ समजायला सोपा आहे. एका बाजूनं चेंडू काखेत घेऊन पळायचं, दुसऱ्या बाजूनं पळणाऱ्याला मातीत घालायचं. पळणाऱ्यांची नावं पेपरात येतात, पोरी त्यांच्यावर भाळतात. आमचं पोरगं मातीत घालणारं. बचावाच्या मधोमध उभं राहायचं आणि जो येईल त्याला अंगावर घ्यायचा.

ते शिकवलं गॅडिस कोचनं. गॅडिस म्हणजे आमच्या गावचा दुसरा पास्टर. रविवारी देव, शुक्रवारी सामन्याला गॅडिस. जेव्हॉरिस सातवीत असताना त्याच्यावर त्यानं मोठ्या वर्गातला एक दांडगा सोडला. दांडगा धावत आला आणि उताणा पडला. गॅडिस कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ह्यो पोरगा न्हवं, खुंटा हाय खुंटा! बैल जरी आला तरी हितंच बांधला जाईल." तेव्हापासून गावात त्याला जेव्हॉरिस कुणी म्हटलं नाही. खुंटा म्हणजे खुंटा.

गॅडिस त्याला म्हणायचा, "डोळ्याकडं बघू नगंस लेका. डोळं खोटं बोलत्यात, खांदं खोटं बोलत्यात. कंबार खोटं बोलत न्हाई. कंबार जिकडं, गडी तिकडं."

पोरानं हे असं मनावर घेतलं की माझ्या ठेल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कमरा बघायचं. लाज नाही, शरम नाही. पास्टरची बायको थांबली, शेंगांचा भाव विचारायला लागली, की हे माझ्या कानात, "मामा, पिशवी काढू नगंस. ती घेणार न्हाई. कंबार गाडीकडं हाय." आणि बाई खरंच 'पुढल्या वेळी बघू' म्हणून जायची. मी म्हणायचो, "आरं, असल्या नजरेनं एक दिवस कुणाच्या तरी नवऱ्याचा मार खाशील." तो म्हणायचा, "त्येची पण कंबार बघीन की."

खेळाडू टिपायला मोठ्या विद्यापीठांची माणसं आली, त्यांनी त्याला मोजला आणि सांगितलं, उंचीला दोन बोटं कमी आहे. गॅडिस त्यांच्या गाडीमागं ओरडला, "दोन बोटं? एवढ्यासाठी आमच्याकडं बैलाचं दावं बी कुणी बदलत न्हाई!" गाडी थांबली नाही. मग अलाबामातल्या एका लहान कॉलेजात गेला. तिथं त्यानं चार वर्षं माणसं मातीत घातली आणि एक डिग्री आणली. डिग्री कशाची, ते मला अजून नीट सांगता येत नाही, त्यालाही येत नाही.

मग निवडीचे दिवस आले. वर्षातून एकदा मोठे पगारी संघ टीव्हीवर पोरांची नावं पुकारतात. लॅट्रेलनं मांगूर तळले, कोलार्डच्या पानांची भाजी केली, मक्याचा पाव केला. गॅडिस टाय घालून आला. शेजारपाजारच्या बायका नवे झगे घालून सोफ्यावर चिकटून बसल्या. नावं पुकारत होते, पुकारत होते. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक नावाला शिव्या दिल्या. शेवटच्या दिवशी शिव्याही सुचेनात. यादी संपली तेव्हा माशांवर थिजलेलं तेल आलं होतं आणि गॅडिसनं टाय खिशात घातला होता.

तेवढ्यात एजंटचा फोन. ब्रायसन म्हणून अटलांटाचा पोरगा. गुरांच्या बाजारात आम्ही अशाला दलाल म्हणतो, पण त्याच्या कार्डावर एजंट होतं. तो स्पीकरवर म्हणाला, "जेव्हॉरिस, भाऊ, खरं सांगू? नाव पुकारलं नाही ते बरंच झालं. आता आपल्याला हवा तो संघ निवडता येईल."

लॅट्रेल भांडी उचलत होती. तिथूनच म्हणाली, "म्हंजी ज्या पोरीला कुणीच मागणी घातली न्हाई तिला सांगायचं, बाई, आता तुला हवा त्यो नवरा करता येईल."

बायका हसल्या. जेव्हॉरिससुद्धा हसला. पण त्या दिवसानंतर तो आईच्या चेष्टेला हसलेला मला आठवत नाही.

एका संघानं घेतला, उन्हाळा संपता संपता काढला. दुसऱ्यानं सरावापुरता ठेवला. सरावाचा गडी म्हणजे आठवडाभर मोठ्यांच्या अंगावर धडकायचं आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यात कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. त्यांनीही काढला. मग तिसरा. पोरगं विमानतळाजवळच्या हॉटेलात राहायचं आणि पिशवीतून कपडे बाहेर काढायचं नाही.

घरी आला की तो आम्हाला निरोप्याची गोष्ट सांगायचा. प्रत्येक संघात एक हसरा माणूस असतो. काढायचे दिवस आले की सकाळी तो नाश्त्याच्या खोलीच्या दारात उभा राहतो, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "साहेबांनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये." टॅबलेटात संघाचे सगळे डाव असतात. तो मागितला की समजायचं, आपलं संपलं.

"मामा, त्यो दारात दिसला की दीड-दीडशे किलोची माणसं ताटाकडं बघाय लागत्यात. जणू अंड्यावर काय लिवलंय."

"आणि तू?"

"म्या त्येच्या कमरेकडं बघतो. दोनदा माझ्याकडंच हुती."

तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात उत्तरेकडच्या एका थंड शहरात त्याचं दैव उघडलं. मधल्या गड्याचा गुडघा गेला, त्याच्या जागी उभा राहणारा आधीच लंगडत होता, आणि साहेबांना आमचा खुंटा आठवला. दुसऱ्याच्या वाईटावर आमच्याकडं कुणी आनंद करत नाही. पण त्या रविवारी चर्चच्या जेवणघरात टीव्ही लावला तेव्हा पास्टरनं 'बिचारा' म्हणत म्हणतच आपली खुर्ची पुढं ओढली.

पोरगं काय खेळलं! समोरचे डोळ्यांनी एक सांगायचे, खांद्यांनी दुसरं, आणि हा तिसरीकडंच जाऊन उभा असायचा, जिथं चेंडू येणार तिथं. गॅडिस प्रत्येक वेळी उठून ओरडायचा, "कंबार! म्या शिकवलं! कंबार!" शेवटी त्याच्या बायकोनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवला.

मग एक भला मोठा पळणारा मधून आला. खुंट्यानं डोकं खाली घातलं आणि धडक दिली. दोघं पडले. पळणारा उठला, आमचा उठेना.

हजार मैलांवरचं मैदान, मध्ये काच, तरी नियम तो नियम. लॅट्रेल जागेवरून हलली नाही. तिनं समोरच्या टेबलाची कड धरली. मग पोरगं गुडघ्यावर आलं, उभं राहिलं, डोक्यावरच्या टोपाचं सुटलेलं बक्कल लावलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं. अख्खं घर उठलं, टाळ्या, शिट्ट्या, गॅडिस तर रडत होता.

लॅट्रेल माझ्याकडं न बघता म्हणाली, "डाव्या हातानं."

"काय?"

"बक्कल डाव्या हातानं लावलं त्येनं. उजवा बग. ओल्या फडक्यागत लोंबतूय."

मी बघेपर्यंत बियरची जाहिरात लागली होती.

संध्याकाळी तिनं फोन केला. "हात कसा हाय?" "कसला हात?" "उजवा." "दोन्ही जाग्यावर हायत, आई. चर्चमदी समद्यांनी बघितलं का?" तिनं फोन ठेवून दिला. त्या हिवाळ्यात तो उरलेले सगळे सामने खेळला.

वसंतात घरी आला. गाव त्याच्यावर नुसता जीव ओवाळून टाकत होतं. न्हाव्यानं डोकं फुकट केलं, हायवेवरच्या बार्बेक्यूवाल्यानं भाजलेल्या बरगड्या फुकट दिल्या. एका सकाळी माझ्या ठेल्यावर तो शेंगांचं भांडं शेगडीवरून उतरवायला गेला. लहानपणापासून उतरवत आलेला. भांडं वर उचललं आणि उजवा हात सुटला. उकळतं पाणी आम्हा दोघांच्या मधून गेलं. शेंगा रस्त्यावर.

तो त्या हाताकडं असा बघत होता, जसा काही दुसऱ्याचा हात चुकून त्याच्याकडं आलाय.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पयल्या वर्षापासनं. मान आशी दबली की हिकडनं वीज जाती, कुंपणाच्या तारंला हात लागल्यागत. मंग हात मेल्यावानी हुतो. आदी लगेच जायाचं. आता जरा वेळ थांबतंय." मग म्हणाला, "आईला सांगू नगंस, मामा."

मी दुपारच्या आत सांगितलं. असली गुपितं पोटात ठेवायला माझं पोट काय बँक नाही.

लॅट्रेलनं त्याला स्वयंपाकघरात गाठला. "डॉक्टरला दाव."

"आई, तितला डॉक्टर संघाचा. त्येला सांगणं म्हंजी साहेबाला सांगणं."

"मंग हितल्या डॉक्टरला दाव."

"हितला सांगंल, खेळू नगंस. ते मला बी ठावं हाय. त्येला कशाला पैसं द्यायचं?"

"आरं, कारखान्यात मशीन खडखडलं तर पट्टा थांबवत्यात. कोंबडीसाठी थांबवत्यात. तू माझा पोरगा हायस."

"पट्टा थांबवला की म्होरं काय, आई? दुसरं मशीन आणत्यात."

कारखान्यात खरंच तेच करतात.

ऑगस्ट आला. संघानं उन्हाळ्यात एक नवं पोरगं घेतलं होतं, तरणंताठं आणि दोन बोटं उंच. आमच्याकडं अशी तिथी सांगावी लागत नाही. काढायचे दिवस आले की गॅडिस सकाळपासूनच माझ्या ठेल्यावर येऊन बसतो आणि शेंगा न मोजता खातो. लॅट्रेल रात्रपाळी संपवून तिथंच आली होती, अंगाला कारखान्याचा वास, डोक्यावर अजून जाळी. जेव्हॉरिसचा फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"मामा, निरोप्या आला हुता."

गॅडिसनं हातातली शेंग परत भांड्यात टाकली.

"आता डॉक्टरकडं जायाचं हाय. तपासणी अन् सही. भाईर रांगंत हुबा हाय म्या."

ही सही काय असते ते सांगतो, कारण ह्या गोष्टीत जे झालं ते तिथंच झालं. जखमी गड्याला संघ असाच हाकलू शकत नाही. त्याचा उपचार करावा लागतो, पगार चालू ठेवावा लागतो. म्हणून हाकलायच्या आधी डॉक्टर विचारतो, काही दुखतंय का? नाही म्हणालं की 'मी धडधाकट आहे' म्हणून सही. मग गडी मोकळा, दुसरा संघ त्याला उद्या उचलू शकतो. दुखतंय म्हणालं तर उपचार मिळतात, पण ती बातमी सगळ्या संघांना कळते. आणि सोमवारच्या गुरांच्या बाजारात लंगडणाऱ्या बैलाच्या तोंडात कुणी दात बघायलासुद्धा हात घालत नाही.

"दलाल काय म्हणतूय?" मी विचारलं.

"त्यो म्हणतूय, दोन संघांनी चौकशी केलीया. सही करून मोकळा हो म्हणतूय."

गॅडिस पुढं सरकला. "खुंट्या, ऐक. म्या बोलतूय. सही कर. आता दुखतंय म्हणालास तर जन्मभर दुखरा म्हणूनच वळखत्याल. दोन संघ म्हंजी थट्टा हाय व्हय? तू डिसेंबरात काय खेळलास ते समद्यांनी बघितलंय."

"जेव्हॉरिस," लॅट्रेल म्हणाली, "हात सांग."

"लॅट्रेलबाई, तुमाला ह्यातलं—"

"मला हाडातलं अन् मासातलं समदं कळतं, कोच. रोज रात्री तेच करती म्या. पोरा, सांग त्येला. सरळ सांग, हात मरतूय. त्येंनी मोडलाय, त्येंनीच नीट करू दे."

"अन् मंग?" तिकडून आवाज आला. "मंग काय करू, आई? तुझ्या पट्ट्यावर येऊ?"

"ये की! मानंवर डोस्कं असलं म्हंजी कुटं बी येता येतंय."

"एकदा दुखरा म्हणलं की संपलं, पोरा," गॅडिस म्हणाला. "एकदाच सांगतूय."

तिकडं कुणाचं तरी दार उघडल्याचं, मिटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मामा, तू काय म्हणतूस?"

"आईचं ऐक," मी म्हणालो.

"हूं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

शेंगांच्या एका भांड्याला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला. 'धडधाकट.' गॅडिसनं मांडीवर थाप मारली आणि टरफलं झटकून उठला. लॅट्रेलनं डोक्यावरची जाळी काढली, हातात चुरगळली आणि घरी चालत गेली. गाडी माझ्याजवळच ठेवून गेली, विसरून.

मी पुढं एकदा त्याला विचारलं, का रं केलीस? तो म्हणाला, "डॉक्टर कागद लावत हुता. माझ्याकडं न बघताच इचारलं, काय त्रास? अन् माझं तोंड आपल्याआपण म्हणालं, न्हाई साहेब. मामा, लहानपणापासनं दुसरं कायच बोलाय शिकलो न्हाई त्या परश्नाला."

वाट बघायचे दिवस वाईट. तो फोन उशाशी घेऊन, पायखान्यात घेऊन, चर्चमध्ये मांडीखाली घेऊन बसायचा. शेवटी पश्चिमेकडच्या एका संघानं बोलावलं. विमानाचं तिकीट त्यांचं. गावानं फटाके आणून ठेवले.

तिथं त्याला पळवला, उड्या मारायला लावल्या, सगळ्यांना पसंत. मग त्यांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. नवी, तरुण डॉक्टरीण होती. तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मणक्यातली वाट मुळात चिंचोळी, त्यात हाड वाढून शिरेवर बसलेलं. "असा फोटो असलेल्या माणसाला मी मैदानावर पाठवू शकत नाही," ती म्हणाली. "एखादी चुकीची धडक, आणि मानेखालचं काहीच हलणार नाही. आधीच्या संघानं कधी फोटो काढला नाही?"

"म्या कवा दुखतंय म्हणालोच न्हाई."

"का?"

पोरगं मला सांगत होतं, "मामा, तिनं खरंच इचारलं. तिला खरंच ठावं न्हवतं."

नापास झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या संघांना गेली. उपचार मागायला आधीच्या संघाकडं गेला, तर त्यांनी सही दाखवली. तालुक्याच्या गावच्या वकिलाकडं मी त्याला घेऊन गेलो. वकिलानं विचारलं, "सही तुमचीच ना? दारू पाजून घेतली? बंदूक लावली? मग?" दलाल ब्रायसन आधी म्हणाला, "भाऊ, मी बघतो काहीतरी." मग त्याचा फोन नुसता वाजायला लागला. मग वाजायचाही बंद झाला.

म्हणजे कसं झालं बघा. ज्यांनी बरा करायचा त्यांच्या लेखी तो धडधाकट, आणि ज्यांनी खेळवायचा त्यांच्या लेखी तो मोडका. दोन्ही दारांना कड्या, आणि मधल्या जागेत आमचं पोरगं.

ती बातमी कळल्यानंतरच्या रविवारी चर्चच्या अंगणात गॅडिसनं लॅट्रेलला गाठलं. टोपी हातात. माणूस वाईट नाही, हे मी आत्ताही म्हणेन. त्याच्या स्वतःच्या दोन्ही खुब्यांत लोखंड आहे आणि जिना चढताना तो देवाचं नाव घेत नाही, दुसरंच काहीतरी घेतो.

"लॅट्रेलबाई, म्या पोराच्या भल्याचंच सांगितलं हुतं."

"व्हय, कोच. तुमी त्येला पडल्यावर उठाय शिकवलं. पडून राहाय कवा शिकवणार हुतासा?"

"असं बोलू नगा. मला बी लागलं हुतं. म्या गेलो का कुणाला सांगाय?"

"न्हाई गेलासा. म्हणून तर तुमच्या बायकूला रोज सकाळी तुमचं मोजं घालाय लागत्यात."

पलीकडं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. गॅडिसची बायको हसली नाही, पण तिनं मानही खाली घातली नाही. गॅडिसनं टोपी घातली आणि गाडीकडं गेला.

जेव्हॉरिस घरीच होता. कारखान्यात कोंबड्या आकड्याला टांगायचं काम मिळत होतं, पण हात खांद्याच्या वर धरावे लागतात. गोदामात गेला, तिथंही तपासणी. एका माणसाच्या नशिबात किती डॉक्टर असावेत! लोक भेटले की विचारायचे, "खुंट्या, परत कवा?" तो म्हणायचा, "फोनची वाट बघतूय." पहिल्या महिन्यात लोक खांदा थोपटायचे. नंतर न्हाव्यानं डोक्याचे पैसे घेतले.

ठेल्यावर माझ्याशेजारी बसायचा. शेंग डाव्या हातानं फोडायचा. कमरा बघायचं त्यानं सोडून दिलं होतं. मी मुद्दाम विचारायचो, "ती बाई घेणार का रं?" तो म्हणायचा, "मला काय ठावं."

आणि मग फोन आला. मोठ्या संघाचा नव्हे. मधल्या मुलखातल्या एका गावात बर्फावरच्या खेळाचा हॉल आहे. बर्फावर फळ्या टाकतात, फळ्यांवर हिरवं कार्पेट आणि त्यावर आमचा खेळ, पण आखूड. संघाचा मालक जुन्या गाड्या विकतो. खेळाडू मोटेलात दोघं-दोघं झोपतात आणि सामना झाल्यावर पिझ्झा मिळतो.

"आणि मानंचं?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. "हितं कुणी फोटू काढत न्हाई, मामा! नुसतं लिवून द्यायचं, माझ्या जबाबदारीवर खेळतूय म्हणून."

मी शेगडी बारीक केली. "तितनं कुटं म्होरं जाता येतंय व्हय?"

"एकजण गेला हुता."

"कवा?"

"गेला हुता की."

निघायच्या सकाळी तो पिशवी घेऊन ठेल्यावर बसला होता. मालकानं फोनवर काही रकाने भरायला पाठवले होते. डाव्या अंगठ्यानं तो ते भरत होता, नाव, वजन, उंची. उंची दोन बोटं वाढवून लिहिली. तेवढ्यात लॅट्रेल पाळीवरून आली. ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "हितं इचारलंय, काय झालं तर कळवायचं कुणाला. तुझं नाव घालू?"

"न्हाई."

"मंग कुणाचं?"

"ज्येनं सही कर म्हणून सांगितलं त्येचं घाल. गॅडिसचं घाल."

"आई, चेष्टा नगं."

"चेष्टा न्हाई. तू जित्ता असताना म्या सांगत हुते तवा ऐकलं न्हाईस. आता त्या बातमीला माझा नंबर देऊ नगंस. मला उचलायचा न्हाई."

रस्त्यानं भुईमुगाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, धूळ आमच्यावर येत होती. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नंबर सांगितला. माझा नंबर त्याला पाठ होता, तरी मी सांगितला, आणि तो ऐकून ऐकून टाकत गेला.

लॅट्रेल गाडीकडं निघाली. दोन पावलांवर थांबली, परत आली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, जोरात, जसा काही सदऱ्याशीच राग आहे. मग गेली. मी त्याला बसवर घालून आलो. पिशवी मी चढवली.

ते शनिवारी संध्याकाळी खेळतात. टीव्हीवर दाखवत नाहीत. चर्चचं जेवणघर बंद असतं, गॅडिस आता माझ्याकडं शेंगा घ्यायला बायकोला पाठवतो. फोन मी शेगडीच्या शेजारी ठेवतो. कुणी ओल्या शेंगांची ऑर्डर द्यायला फोन केला तरी आधी माझ्या तोंडून शिवी जाते आणि मग भाव. गिऱ्हाइकं नाराज आहेत.

रविवारी सकाळी लॅट्रेल पाळी संपवून येते. त्याचं नाव घेत नाही.

"फोन?"

"न्हाई आला."

ती भांड्यातून एक शेंग उचलते, फोडते. नासकी निघाली तर माझ्या अंगावर फेकते आणि झोपायला घरी जाते.